देवळालीचा ताप

इंग्लंडमध्ये प्रिंटर बिघडून एकच पान पुन्हापुन्हा छापायला लागला, की कचेरीतलं कुणीतरी म्हणतं, ‘हा डुलाली झाला.’ फुटबॉलच्या सामन्यात शेवटच्या मिनिटाला गोल झाला, की प्रेक्षक डुलाली होतात. मुलांनी दिवसभर डोकं खाल्लं, की आई म्हणते, आता मी डुलाली होणार. किल्ल्या फ्रिजमध्ये ठेवून घरभर शोधणाऱ्या आजीबद्दल घरातले आपसात हळू आवाजात बोलतात, आजी जरा डुलाली व्हायला लागली आहे. वेडा, भ्रमिष्ट, बेभान, बिघडलेला, संतापानं भान हरपलेला, एवढ्या सगळ्यांना हा एक शब्द पुरतो. वेडासाठी इंग्रजीत टोचणारे शब्द पुष्कळ आहेत. हा त्यांतला नाही. घरच्या माणसाबद्दल तो वापरता येतो, कारण तो वापरल्यावरही माया शिल्लक राहते.

हा शब्द म्हणजे देवळाली. नाशिक जिल्ह्यातली, आमची देवळाली.

मी देवळाली कॅम्पात वाढले आणि पुढं नाशिकरोडला कॉलेजात इंग्रजी शिकवलं. त्यामुळं हा शब्द मला माहीत होता. पण त्याच्यामागं मी खरी लागले ती भाच्यामुळं. तो इंग्लंडात नोकरीला गेला आणि एकदा फोनवर म्हणाला, “मावशी, इथली माणसं ऊठसूट डुलाली डुलाली करतात. आज एक जण सांगत होता, हे तुमच्याकडच्या कुठल्याशा गावाचं नाव आहे म्हणून. आपलं देवळाली का गं?” मी म्हटलं, “आपलंच.” त्याला फोनवर सांगून संपेना इतकं ते प्रकरण मोठं आहे, म्हणून इथं सविस्तर लिहिते आहे.

आधी गाव. देवळाल्या दोन आहेत. एक देवळाली गाव, नाशिकरोडला लागून असलेलं, जुनं. दुसरी देवळाली कॅम्प, तिथून काही किलोमीटर पुढं, स्वतःचं रेल्वे स्टेशन असलेली लष्करी छावणी. शब्द आला तो दुसऱ्या देवळालीतून. पलीकडं भगूर, खाली दारणा नदी, वर टेकडीवर खंडोबा. लॅम रोडनं गेलात तर दोन्ही बाजूंना जुनी सॅनिटोरियम दिसतात, पारशांची, गुजरात्यांची, बोहऱ्यांची. मुंबईच्या दमट हवेत छातीचे विकार जडलेली माणसं इथं येऊन महिनोन्‌महिने राहत आणि बरी होऊन परत जात. तोफखान्याची शाळा दुसऱ्या महायुद्धाच्या काळात काकूलहून, म्हणजे आताच्या पाकिस्तानातून, इथं आली. लहानपणी अभ्यासाला बसलं की लांबून गोळाबारीचे धडाके ऐकू येत आणि खिडकीची तावदानं थरथरत. आम्हाला त्याची इतकी सवय होती, की पाहुणे दचकले म्हणजे नवल वाटे.

आरोग्यासाठी मुंबईकर जिथं मुद्दाम येत, त्याच गावाचं नाव इंग्रजीत डोकं फिरण्याला पडलं, हे कसं झालं?

१८५७ च्या उठावानंतर कंपनीचं राज्य गेलं आणि राणीचं आलं. पुन्हा असा उठाव होऊ नये म्हणून हिंदुस्थानातल्या गोऱ्या फौजेची संख्या वाढवली गेली. ती साठ-सत्तर हजारांच्या घरात असे. एवढी माणसं कायमची इथं राहायची नव्हती. दरवर्षी काही हजार नवे शिपाई इंग्लंडहून यायचे, काही हजार मुदत संपलेले परत जायचे. हे सगळं येणं-जाणं मुख्यत्वे मुंबई बंदरातून होई. उतरलेल्या किंवा चढायच्या माणसांना ठेवायचं कुठं, हा प्रश्न होता. खुद्द मुंबई दमट, गर्दीची, पटकी आणि हिवतापाची. त्यामुळं घाट चढून वर, मुंबईपासून सुमारे पावणेदोनशे किलोमीटरवर, मोकळ्या कोरड्या माळावर १८६१ मध्ये छावणी उभी राहिली. कसाऱ्याच्या घाटातला लोहमार्ग १८६५ च्या आरंभी सुरू झाला आणि बंदरावरून थेट छावणीपर्यंत आगगाडी धावू लागली. नवे शिपाई इथं काही आठवडे राहून हवेला सरावत, मग आपापल्या पलटणीकडं जात. जुने शिपाई देशभरातून इथं गोळा होत आणि जहाजाची वाट पाहत.

या ‘वाट पाहत’मध्ये सगळं आहे.

शिपायांना नेणारी जहाजं बारा महिने चालत नसत. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असे आणि उन्हाळ्यात तांबड्या समुद्रातली उष्णता कोंदट जहाजातल्या माणसांना सोसवणारी नसे. म्हणून सैनिकांची ने-आण थंडीच्या महिन्यांत, साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत चाले. १८६० च्या दशकात खास या कामासाठी पाच मोठी जहाजं बांधली गेली. त्यांची नावं क्रोकोडाइल, युफ्रेटिस, जमना, मलबार आणि सेरापिस. त्यांतल्या सेरापिसनं १८७५ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स मुंबईला आला, तेव्हा मुंबईनं त्याचं थाटात स्वागत केलं. एरवी याच जहाजातून बाराशेच्या आसपास शिपाई दाटीवाटीनं जात. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाल्यावर प्रवास पुष्कळ सोपा झाला. पण मोसमाचं गणित तेच राहिलं.

त्यात १८७० साली ब्रिटिश लष्करानं नोकरीची मुदत कमी केली. त्याआधी शिपाई भरती झाला की दहा-बारा वर्षं आणि पुष्कळदा एकवीस वर्षं फौजेत काढी. नव्या कायद्यानं प्रत्यक्ष पलटणीतली सुरुवातीची मुदत सहा वर्षांवर आली, उरलेली वर्षं राखीव दलात. शिपायाच्या दृष्टीनं हे चांगलंच झालं. मात्र याचा अर्थ असा, की दरवर्षी घरी जायच्या माणसांची संख्या वाढली. प्रत्येकाची मुदत त्याच्या भरतीच्या तारखेवरून संपे, आणि ती तारीख जहाजांच्या मोसमाला विचारून ठरलेली नसे. समजा, एखाद्याची मुदत एप्रिलात संपली. मार्चमधलं शेवटचं जहाज निघून गेलेलं. आता पुढचं जहाज पावसाळ्यानंतर. तोवर तो काय करणार? कागदोपत्री त्याची सेवा संपलेली, पण अंगावर वर्दी तशीच. पलटणीतले सोबती शेकडो कोस लांब. हातात बंदूक नाही. देवळालीच्या माळावर बराकीत बसून राहायचं.

हे बसून राहणं कसं होतं हे एका शिपायानंच लिहून ठेवलं आहे, ही फार मोलाची गोष्ट. फ्रँक रिचर्ड्स हा वेल्समधल्या खाणीत काम केलेला साधा माणूस. विसाव्या शतकाच्या आरंभी रॉयल वेल्श फ्युझिलियर्सचा शिपाई म्हणून तो हिंदुस्थानात होता. पुढं पहिल्या महायुद्धात लढला, आणि कवी रॉबर्ट ग्रेव्हजच्या मदतीनं त्याच्या आठवणींची दोन पुस्तकं झाली. हिंदुस्थानातल्या दिवसांवरचं ‘ओल्ड सोल्जर साहिब’ १९३६ मध्ये निघालं. साहेबांची, त्यांच्या मडमांची, शिकारीची वर्णनं करणारी पुस्तकं ढिगानं सापडतात. बराकीतल्या शेवटच्या खाटेवरून लिहिलेलं पुस्तक क्वचित. म्हणून देवळालीबद्दल मी कोशापेक्षा रिचर्ड्सवर जास्त विश्वास ठेवते.

तो सांगतो, की इथं थांबलेल्या माणसांकडं शस्त्रं नसत, सरंजाम नसे. अधूनमधून सामानाची तपासणी व्हायची, कधीतरी लांब पायी कूच करायला लावत. बाकी वेळ खायला उठायचा. ज्यांनी सगळी नोकरी निष्कलंक केली, अशी माणसं इथं आल्यावर काहीतरी करून बसत आणि घराऐवजी तुरुंगात जात. कुणाला गुप्तरोग जडे आणि तो रुग्णालयात पडे. विक्षिप्त वागणाऱ्या माणसाला ‘याला डुलाली टॅप झाला’ म्हणायची शिपायांमधली रीत या छावणीतल्या कंटाळ्यातून आली असावी, असं त्याचं मत आहे.

मूळ शब्दप्रयोग असा दोन शब्दांचा होता. डुलाली आणि टॅप. यातला पहिला शब्द कसा तयार झाला ते उघड आहे. देवळालीतला ‘ळ’ इंग्रजी जिभेला येत नाही, म्हणून तो ‘ल’ झाला. स्टेशनावरच्या पाटीत ‘व’च्या जागी ‘ओ’ बसला. ती पाटी वाचणाऱ्या लँकेशायरच्या किंवा वेल्सच्या पोरानं पहिलं अक्षर डु केलं. त्याला आपण हसू नये. आपणही त्याच्या ‘सोल्जर’चा सोजीर केलाच होता. माझे आजोबा शेवटपर्यंत सोजीरच म्हणत.

दुसरा शब्द मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. टॅप म्हणजे तप, ताप. हिंदुस्थानीत ‘तप’ म्हणजे ज्वर. छावणीतले शिपाई भिश्ती, धोबी, खानसामे यांच्याकडून मोडकी हिंदुस्थानी शिकत. त्यातून तो उचलला गेला. देवळालीचा ताप चढला, म्हणजे डोकं फिरलं. हिवतापाच्या मुलखात हे सहज सुचणारं होतं. पण मराठीत या शब्दाला जे आणखी एक अंग आहे, ते मला इथं फार जवळचं वाटतं. आपल्याकडं ताप थर्मामीटरवर दिसतो तसा न दिसताही येतो. काम अडलं, माणूस ऐकेना, तारीख पुढं ढकलली, की आपण म्हणतो, डोक्याला ताप झालाय. सोजिराला मराठीतला हा अर्थ माहीत असण्याचं कारण नव्हतं. पण त्याला झालेला ताप याच जातीचा होता.

इंग्लंडात परतल्यावर हा ‘टॅप’ कुणाला कळेना. इंग्रजीत टॅप म्हणजे हलका ठोका. डोक्याला ठोका बसला असेल, असा अर्थ लोकांनी लावून घेतला. पुढं तोही शब्द गळून पडला आणि नुसता डुलाली उरला. ‘ला-ला’ असा बोबडा, गमतीचा नाद त्यात आहे. माझ्या मते तो टिकण्यात या नादाचा मोठा हात आहे. इंग्रज मुलाला हा शब्द एखाद्या बडबडगीतातल्यासारखा वाटतो. त्यामागं गाव आहे, स्टेशन आहे, वाट पाहणारी माणसं आहेत, हे कानाला कळत नाही.

आता या शब्दाच्या उगमाबद्दल इंग्लंडात दोन गोष्टी हमखास सांगतात, त्या तपासून घेऊ.

पहिली अशी, की देवळालीला फौजेचं वेड्यांचं इस्पितळ होतं, तिथं पाठवलेला तो डुलाली. ऐकायला ही बरोबर वाटते, कारण असे शब्द खरोखर असेच बनतात. लंडनच्या बेथलेम इस्पितळावरून इंग्रजीत ‘बेडलम’ हा गोंधळाला शब्द झाला. आपल्याकडं ‘याला ठाण्याला न्यायला हवं’ किंवा ‘येरवड्याला पाठवा’ म्हटलं, की शहराबद्दल कुणी बोलत नाही हे सगळ्यांना कळतं. पण मुंबई इलाख्यात वेडाचं निदान झालेल्या गोऱ्यांना ठेवायची जागा एकोणिसाव्या शतकात कुलाब्याला होती. तिथून त्यांना जहाजानं इंग्लंडला रवाना करीत. कंपनीच्या काळात लंडनजवळ हॅक्नीतल्या पेंब्रोक हाउस या आश्रयस्थानी हिंदुस्थानातून आलेले रुग्ण ठेवत. १८७० मध्ये त्याची जागा ईलिंगच्या रॉयल इंडिया असायलमनं घेतली. शिपायांसाठी नेटलीच्या प्रचंड लष्करी रुग्णालयात त्याच साली एक वेगळी इमारत सुरू झाली, तिला डी ब्लॉक म्हणत. या सगळ्यात देवळाली कुठं येत नाही. देवळालीत रुग्णालयं होतीच. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाच्या आघाडीवरून आजारी आणि जखमी शिपाई मुंबईला उतरत, तेव्हा ३४ वं वेल्श जनरल हॉस्पिटल देवळालीत होतं. एवढी रुग्णालयं जिथं आहेत तिथं मनानं खचलेली माणसंही आलीच असणार. पुढच्या पिढ्यांनी यातूनच वेड्यांच्या इस्पितळाची कथा जुळवली, असं मला वाटतं.

दुसरी गोष्ट उन्हाची. हिंदुस्थानचं ऊन मेंदूत शिरतं, अशी त्या काळच्या गोऱ्या डॉक्टरांची ठाम समजूत होती. शोल्याच्या भेंडाचा टोप डोक्यावर, सदऱ्याच्या आत पाठीच्या कण्यावर जाड गादी, आणि पटकी होऊ नये म्हणून पोटावर फ्लॅनेलचा पट्टा, एवढा जामानिमा करून शिपाई वावरत. जबलपूरला किंवा मुलतानला एप्रिलात उभं राहिलेल्या माणसाला ही समजूत पटली असेल. पण देवळाली हे उन्हानं माणूस वेडा व्हायचं ठिकाण मुळीच नाही. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, संध्याकाळी वारा सुटतो, मेमध्येही रात्री गार होतात. ज्या हवेसाठी पारशी शेटजी पदरमोड करून सॅनिटोरियम बांधत होते, तीच हवा सोजिराचं डोकं फिरवत होती हे मला पटत नाही.

म्हणून मी रिचर्ड्सच्या बाजूची आहे. देवळालीच्या हवेत काही नव्हतं. काम नाही, तारीख नाही, आणि आपण का थांबलोय हे सांगणारा वरिष्ठ नाही, हे तिन्ही एकत्र आल्यावर माणसाचं काय होतं, त्याला हे नाव आहे. लष्कराच्या कागदांत अशी माणसं ‘शिस्तभंग’, ‘मद्यपान’, ‘रुग्णालयात दाखल’ अशा रकान्यांत विखुरली गेली. त्यांच्या बरोबरीच्या शिपायांनी मात्र सगळ्यांचं दुखणं एकच आहे हे ओळखलं आणि त्याला गावाचं नाव दिलं. डॉक्टरांच्या आधी बराकीनं केलेलं हे निदान आहे आणि मला ते फार शहाणपणाचं वाटतं.

सोजिरांनी आपल्याकडून पुष्कळ शब्द नेले. चौकीचा ‘चोकी’ झाला, अर्थ तुरुंग. बक्षिसाचा ‘बकशी’ झाला, अर्थ फुकटात मिळालेलं. पट्टीची ‘पटी’ झाली आणि ती गुडघ्याखाली पायाला गुंडाळून ते फ्रान्सच्या चिखलात लढले. रोटीचा ‘रूटी’ झाला आणि दीर्घ सेवेच्या पदकाला ते ‘रूटी गाँग’ म्हणत, म्हणजे इतकी वर्षं सरकारच्या रोट्या खाल्ल्याचं पदक. पण डुलालीचा खरा जोडीदार आहे ‘ब्लायटी’. विलायतीचा बिलायती, आणि बिलायतीचा ब्लायटी. हिंदुस्थानातल्या शिपायाच्या तोंडी तो मायदेशाचा शब्द झाला. पहिल्या महायुद्धात खंदकांतले शिपाई ‘ब्लायटी’ मिळावी म्हणून प्रार्थना करत, म्हणजे जिवावर बेतणार नाही पण घरी पाठवतील अशी जखम. हे दोन शब्द शेजारी ठेवून पाहा. जिथं जायचं आहे ती ब्लायटी, जिथं अडकलोय ती डुलाली. एका सामान्य शिपायाच्या साम्राज्याचा नकाशा या दोन शब्दांत येतो, आणि दोन्ही शब्द त्यानं आपल्या लोकांकडून घेतले आहेत.

हा शब्द लष्कराबाहेर कधी पडला? १९२५ मध्ये फ्रेझर आणि गिबन्स या दोघांनी शिपाई-खलाशांच्या भाषेचा कोश छापला, त्यात देवळाली टॅप ‘जुन्या फौजेतला’ शब्द म्हणून नोंदवलेला आहे. म्हणजे तेव्हाच तो म्हातारा होता. मधल्या काळात महायुद्धानं लाखो साध्या नागरिकांना खाकी चढवली. खाणकामगार, कारकून, शेतमजूर जुन्या शिपायांच्या शेजारी झोपले, त्यांची भाषा शिकले आणि युद्ध संपल्यावर ती घरी घेऊन गेले. देवळाली कधीही न पाहिलेल्या माणसांच्या स्वयंपाकघरात तिचं नाव असं पोचलं.

दुसऱ्या महायुद्धात तर देवळालीत परतणाऱ्यांसाठी रीतसर डेपोच होता. अनेक वर्षं परमुलखात काढलेल्यांना मायदेशी पाठवायच्या योजनेला ‘पायथन’ असं नाव होतं आणि आपला नंबर कधी लागणार हा ब्रह्मदेशातून आलेल्या प्रत्येकाचा एकच प्रश्न असे. युद्ध संपलं तरी जहाजं पुरेनात. जानेवारी १९४६ मध्ये कराचीच्या ड्रिग रोड तळावरच्या ब्रिटिश हवाई दलाच्या माणसांनी घरी पाठवायला होणाऱ्या उशिरावरून काम बंद केलं आणि ते लोण साठेक तळांवर पसरलं. पुढच्याच महिन्यात मुंबईत आपल्या नौसैनिकांचा उठाव झाला, तो आपल्या इतिहासात आहे. गोऱ्यांचा हा संप मात्र फारसा कुणाला ठाऊक नाही. देवळालीचा जुना ताप एव्हाना किती ठिकाणी पोचला होता, ते त्यावरून दिसतं.

याच काळात जिमी पेरी नावाचा तरुण तोफखान्याच्या करमणूक पथकात देवळालीत होता. पुढं त्यानं डेव्हिड क्रॉफ्टबरोबर बीबीसीसाठी ‘इट एन्ट हाफ हॉट मम’ ही विनोदी मालिका लिहिली. १९७४ ते १९८१ ती चालली आणि तिचं कथानक सुरू होतं देवळालीत, १९४५ मध्ये. चित्रण झालं इंग्लंडात. त्यातला रंगी राम हा बेअरर साकारला मायकेल बेट्स या गोऱ्या नटानं, चेहरा काळवंडून. बेट्स झाशीत जन्मलेला, त्यामुळं बोली त्याला चांगली जमली होती, तरीही आज ते बघवत नाही आणि बीबीसीही ती मालिका पुन्हा दाखवत नाही. मी तिचे काही भाग पाहिले. त्यात आमचं गाव शोधत होते. भिश्ती नाही, भगूरहून भाजी आणणारी बाई नाही, मराठीचा एक शब्द नाही.

माझ्या आजोबांचं कॅम्पात शिवणकामाचं दुकान होतं. खाकी ड्रिलच्या वर्द्या उसवायच्या, बारीक झालेल्या माणसाच्या अंगाबरोबर करायच्या, बिल्ले टाकायचे, हे त्यांचं काम. ते सांगत, की जहाजाची तारीख लागली हे दुकानात बसल्याबसल्या कळे. कारण तोवर नुसते येऊन बाकड्यावर बसणारे सोजीर एकाएकी साध्या कपड्यांचं माप द्यायला येत आणि उद्याच पाहिजे म्हणून हटून बसत. बाकड्यावर बसणाऱ्यांपैकी काही जण रोज येत. त्यांना काही शिवायचं नसे. मशीनचा आवाज ऐकत बसत. आजोबांना इंग्रजी बेताचं, त्यांना मराठी शून्य. आजोबा त्यांना उठवत नसत. घरी आले की आजीला म्हणत, “आज पण तो आला होता गं, घर लागलंय बिचाऱ्याला.” डुलाली हा शब्द आजोबांनी कधी ऐकला नसावा, पण ते ज्याला घर लागणं म्हणत तोच तो.

गोरी फौज गेली. २८ फेब्रुवारी १९४८ ला सॉमरसेट लाइट इन्फंट्रीची शेवटची तुकडी गेटवे ऑफ इंडियातून बोटीत चढली. त्याआधीच देवळालीच्या बराकींत नवी माणसं आली होती. ही फाळणीनंतर सिंध सोडून आलेली कुटुंबं. ज्या खाटांवर सोजीर घरी जायची वाट पाहत पडले, त्या जागी घर कायमचं सुटलेली माणसं राहिली. त्यांतली कित्येक कुटुंबं इथंच स्थिरावली, कॅम्पातल्या बाजारात त्यांची दुकानं आहेत. माझ्या वर्गातल्या सिंधी मैत्रिणीची आई बराकीतल्या दिवसांबद्दल फारसं बोलत नसे. एकदा पापड लाटताना एवढंच म्हणाली, की रोज कुणीतरी सांगायचं, पुढच्या आठवड्यात जागा मिळेल. त्यांच्या वाट पाहण्यानं कुठल्याच कोशात शब्द गेला नाही.

अलीकडं हा शब्द फिरून महाराष्ट्रात आला आहे. २००९ मध्ये पुण्यात जागच्या जागी बिअर बनवून विकणारी एक जागा सुरू झाली, तिचं नाव डुलाली. पुढं मुंबईतही तिच्या शाखा निघाल्या. तिथं जाणारे माझे विद्यार्थी नाव मोठ्या झोकात इंग्रजी पद्धतीनं उच्चारतात. त्यांतल्या ज्यांना मी विचारलं, त्यांना ते देवळाली आहे हे माहीत नव्हतं. नाशिकरोडला राहणाऱ्यांनाही नाही. याचं मला वाईट वाटतं. गावाच्या नावाची अशी कथा दुसऱ्या कुठल्या देशात असती, तर तिथल्या शाळेच्या पुस्तकात तिला पानभर जागा मिळाली असती.

देवळाली स्टेशनात आजही गाड्या थांबतात, फलाटावर झाडं आहेत, बाकं आहेत आणि पाटीवर तीन भाषांत नाव आहे. तिथं एक फलक लागावा अशी माझी इच्छा आहे. त्यावर फार काही नको. इथं १८६१ पासून सोजीर घरच्या जहाजाची वाट पाहत थांबत, त्या वाट पाहण्यातून इंग्रजीला एक शब्द मिळाला, त्यांचं पाणी भरणारे, कपडे धुणारे, शिवणारे लोक आजूबाजूच्या गावांतले होते, आणि १९४७ नंतर याच बराकींत सिंधमधली निर्वासित कुटुंबं राहिली. मजकूर मी मराठी, हिंदी आणि इंग्रजीत लिहून तयार ठेवला आहे. कुठल्या कचेरीत द्यायचा त्याची चौकशी चालू आहे.